लाल डाग नेमका किती उंचीवर?

(दृश्य: मोबाईलवर रडारचं चित्र. मधोमध मुंबई, भोवती वर्तुळं, उजवीकडे नगरच्या डोक्यावर लालभडक डाग.)

एप्रिलमधली रात्र. साडेआठला हे चित्र घरच्या ग्रुपवर येऊन पडतं. खाली ओळ: ‘नगरला भयानक पाऊस चालू आहे, काळजी घ्या.’ नगरची आत्या लगेच कळवते, ‘कसला पाऊस! संध्याकाळी वारा सुटला, चार थेंब पडले, मातीचा वास आला आणि संपलं.’

आत्या खरं बोलतेय. आणि चित्रही खरं आहे.

(दृश्य: कुलाब्याचा किनारा, दूरवर रडारचा पांढरा गोल घुमट.)

या घुमटाच्या आत एक मोठी तबकडी गोल फिरत असते. रेडिओलहरींचा एक ठोका सोडायचा आणि कान देऊन बसायचं. आडात हाक मारावी तसं. थेंबांवर, गारांवर आपटून लहरी परत आल्या की किती वेळ लागला त्यावरून अंतर कळतं आणि किती जोरात आल्या त्यावरून रंग ठरतो. एक फेरी झाली की तबकडी थोडी वर उचलायची, पुन्हा फेरी. असे मजले चढत चढत दहाएक मिनिटांत आभाळाचा एक मोठा तुकडा मोजून होतो.

आता गंमत अशी, की पृथ्वी गोल आहे. रडारचा सर्वांत खालचा झोत क्षितिजाच्या जेमतेम अर्धा अंश वर धरला, तरी शंभर किलोमीटरवर तो जमिनीपासून दीड किलोमीटर उंच गेलेला असतो. मुंबईपासून नगर हवाई अंतराने दोनशेच्या आसपास. तिथे हाच झोत चार किलोमीटरवर! त्याखाली काय चाललंय, हे मुंबईच्या रडारला दिसतच नाही.

(दृश्य: ‘मॅक्स झेड’ चित्र. वरच्या आणि उजव्या कडेच्या पट्ट्या उजळतात.)

शिवाय ग्रुपवर फिरणारं चित्र बहुतेक वेळा ‘मॅक्स झेड’ असतं. म्हणजे प्रत्येक ठिकाणी सगळे मजले तपासायचे आणि त्यांतला सर्वांत भडक रंग नकाशावर ठेवायचा. तो पहिल्या मजल्यावरचा की दहाव्या, हे नकाशा सांगत नाही. ते सांगतात या कडेच्या दोन पट्ट्या. त्यांत ढगाचा उभा छेद दिसतो. या पट्ट्यांकडे कुणी बघत नाही, फॉरवर्ड करताना तर पुष्कळदा त्या कापूनच टाकतात. नगरच्या ढगातलं पाणी वर खच्चून होतं. खालच्या कोरड्या, तापलेल्या हवेत ते वाटेतच सुकलं.

आता उलटं उदाहरण.

(दृश्य: जुलै. ताम्हिणी घाट. धुकं, कोसळणारं पाणी. त्यावर रडारचं चित्र: फिकट निळा-हिरवा रंग.)

घाटात धो धो पाऊस आणि रडारवर नुसती हिरवळ. दोन कारणं. एक, पावसाळी ढग पुष्कळदा बुटके असतात आणि झोत त्यांच्या माथ्यावरून निघून जातो किंवा डोंगरच त्याला आडवा येतो. दुसरं कारण थेंबांचं, आणि मला तर ते या सगळ्या शास्त्रातलं सर्वांत भन्नाट वाटतं. थेंबाचा व्यास दुप्पट झाला, तर प्रतिध्वनी चौसष्ट पट होतो. तीन मिलिमीटरचा एक थेंब रडारला एक मिलिमीटरच्या 729 थेंबांइतका ‘ऐकू’ येतो. पाणी मात्र त्यात 27 थेंबांपुरतंच. त्यामुळे वळवाचे मोजके टपोरे थेंब लाल दिसतात, ओल्या गारा तर त्याहून भडक. आणि आषाढातली बारीक, दाट संततधार हिरव्यातच राहते.

(दृश्य: ‘एसआरआय’ आणि ‘पीएसी’ चित्रं शेजारी शेजारी.)

‘एसआरआय’ या चित्रात प्रतिध्वनीचं पावसात रूपांतर करून दाखवतात: जमिनीलगत तासाला किती मिलिमीटर. अशा रूपांतराचं सर्वांत प्रसिद्ध सूत्र मार्शल आणि पामर यांनी 1948 मध्ये मांडलं. पण थेंबांची जात बदलली की सूत्र डळमळतं, म्हणून पर्जन्यमापकाची जोड लागतेच. ‘पीएसी’ म्हणजे ठरावीक काळातली बेरीज. पूर येईल का, हा प्रश्न असेल तर त्या क्षणीच्या लाल डागापेक्षा ही बेरीज बघावी.

26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला. कुलाब्याला 73. मधे अंतर वीस-पंचवीस किलोमीटर. अशा पावसाचा वेध घेणारं डॉपलर रडार तेव्हा मुंबईत नव्हतं. पुढे कुलाब्याला ते आलं, आणि जानेवारी 2022 मध्ये मुंबईतच वेरावलीला दुसरं सुरू झालं.

(दृश्य: ‘पीपीआय व्ही’ चित्र. अर्धं एका रंगात, अर्धं दुसऱ्या.)

डॉपलर म्हणजे काय? जवळ येणाऱ्या रेल्वेची शिट्टी बारीक ऐकू येते, लांब जाताना जाडी होते. थेंबावरून परतणाऱ्या लहरींचंही तसंच. ‘पीपीआय व्ही’ हे चित्र पावसाचं नाही, वाऱ्याचं आहे. उणे आकडा म्हणजे रडारकडे येणारा वारा, अधिक म्हणजे दूर जाणारा. इथे लाल दिसला म्हणून घाबरायचं काही कारण नाही.

मात्र एक फसगत आहे. रडारला फक्त आपल्याकडे येणं आणि आपल्यापासून जाणं कळतं. 17 मे 2021 ला तौक्ते चक्रीवादळ मुंबईच्या पश्चिमेला समुद्रात होतं. आपल्याकडची वादळं घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरतात. म्हणजे वादळाच्या दक्षिण अंगाचा वारा मुंबईकडे येणार, उत्तर अंगाचा दूर जाणार. आणि ऐन समोर, मुंबईच्या बाजूला? तिथे वारा दक्षिणेकडून उत्तरेकडे, आडवा धावणार. अशा जागी वेग भयंकर असला, तरी चित्रात शून्य दिसतो.

(दृश्य: ‘व्हीव्हीपी’ चित्र. बाणांच्या रांगा.)

राहिलं हे बाणांचं चित्र. आडवी वेळ, उभी उंची. कुठल्या थरात वारा कुठून आणि किती, एवढंच. बाणाच्या शेपटीची पूर्ण रेघ म्हणजे दहा नॉट (नॉट हे वेगाचं माप), अर्धी म्हणजे पाच. विमानतळवाल्यांना आणि अंदाज बांधणाऱ्यांना याचा मोठा उपयोग. छत्री घ्यायची की नाही, हे यातून समजणार नाही.

(दृश्य: पुन्हा ग्रुपवरचं पहिलं चित्र. कॅमेरा हळूहळू कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांवर जातो.)

आत्याच्या ग्रुपवरचं ते चित्र आता नीट बघा. कडेच्या पट्टीत लाल रंग वरच्या अर्ध्यात अडकलेला, खाली फिका. आणि कोपऱ्यात वेळ लिहिली आहे: 11:42, यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. त्यात साडेपाच तास मिळवायचे. म्हणजे आपले संध्याकाळचे पाच वाजून बारा मिनिटं.

ग्रुपवर ते पोचलं साडेआठला. तोवर तो ढग पुढे सरकून विरूनही गेला होता आणि नगरला चांदणं पडलं होतं.