पेढे की बर्फी?

(दृश्य: बाळंतिणीची खोली. दोरीवर वाळणारी दुपटी. कॉटखाली शेगडी, ओव्याचा धूर.)

बाळ रडलं की घरातली चार माणसं धावतात. पोट दुखतंय का, दूध पुरत नाही का, कुणाची दृष्ट लागली का. आई भिंतीकडे तोंड करून पडलेली. बाळ झोपलं तरी तिचा डोळा लागत नाही. उशाशी आळिवाची खीर गार होऊन वर साय धरलेली. "खा गं, बाळासाठी तरी खा."

पहिले काही दिवस हळवं होणं, उगाच रडू येणं बहुतेकींना होतं, पंधरवड्यात ते ओसरतं. ज्यांचं ओसरत नाही, त्यांची ही गोष्ट.

गोव्यातल्या एका जिल्हा रुग्णालयात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी २७० गरोदर बायकांची नोंद केली. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांना पुन्हा गाठलं. २००२ साली अभ्यास छापून आला. शंभरातल्या २३ जणी नैराश्यात होत्या. सहा महिन्यांनंतरही त्यांतल्या निम्म्याहून जास्त सावरल्या नव्हत्या. आणि नैराश्यातल्या या सगळ्यांपैकी ७८ टक्के जणींचं मन गरोदरपणातच खचलेलं होतं. 'बाळंतपणात बाहेरचं काही लागलं' असं आपण सहज म्हणून जातो. या बायकांना लागलं ते घरातलंच, आधीपासूनचं. पैशाची ओढाताण, नवऱ्याशी बिनसलेलं, मारहाण, अर्धपोटी राहणं.

आणि मुलगी होणं.

(दृश्य: दवाखान्याचा व्हरांडा. फोनवर बोलणारी माणसं.)

"पेढे की बर्फी?" टाके अजून ओले असतात आणि हा प्रश्न तिला खाटेवर ऐकू येतो. पहिली असेल तर "पहिली बेटी, धनाची पेटी" म्हणून निभावतं. दुसरीच्या वेळी ती म्हण कुणाच्या तोंडी येत नाही. चहाचा थर्मास ठेवून माणसं लवकर निघतात. मार आणि भूक सोसणाऱ्या बाईच्या मनावर त्याचा किती परिणाम होतो, हेसुद्धा कुशीत मुलगा आहे की मुलगी यावर बदलत होतं, असं गोव्यात दिसलं. हे वाचल्यावर मला बराच वेळ पुढचं पान उलटवता आलं नाही.

(दृश्य: गावातली वाट. खांद्याला पिशवी लावलेली आशाताई.)

महाराष्ट्रात दवाखान्यात बाळंतपण झालं की आशाताई सहा वेळा घरी येते. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. बाळाला झोळीत घालून वजन करते, ताप बघते, लिहून घेते. बेचाळिसावा दिवस म्हणजे सहा आठवडे. गोव्यातल्या बायकांना विचारलं, तेही याच सुमारास. बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायला १९८७ साली एडिंबरामध्ये तयार झालेली प्रश्नावली जेमतेम दहा प्रश्नांची आहे आणि तिची सुरुवात हसण्यापासून होते.

पण घरात सगळ्याची उत्तरं सासूच देते. "तिला काय झालंय? बरी आहे."

"आजी, जरा चहा टाकता का?" आशाताई म्हणते.

(पडद्यावर: टेलिमानस, मनाच्या आजारांसाठी सरकारी हेल्पलाइन, १४४१६. चोवीस तास, विनामूल्य, मराठीतूनही.)

आत स्टोव्हचा आवाज सुरू होतो. आशाताई खाटेवर टेकते.

"गेल्या सात दिवसांत कधी हसलीस का गं?"