ताटावरून उठलेली

(दृश्य: श्रावणी सोमवार. सिद्धेश्वर मंदिराकडे जाणाऱ्या बायका.)

निवेदन:
सोलापुरात पाहुण्याला शेंगाचटणी आणि कडक भाकरी वाढल्याशिवाय कुणी सोडत नाही. पण त्याच घरातली मुलगी महिनोन् महिने अर्ध्या ताटावरून उठली, तरी कौतुकच होतं. सोमवार, गुरुवार, एकादशी. "फार श्रद्धा आहे हो पोरीची." उपवास म्हणजे आजार नव्हे, हे आधीच सांगतो. पण ईटिंग डिसऑर्डरला, म्हणजे खाण्याशी जडलेल्या मनाच्या आजाराला, लपायला उपवासाइतकी सोयीची जागा नाही.

केस गळतात. मे महिन्यातल्या सोलापुरातही अंगावर चादर लागते. पाळी थांबली, की आई स्त्रीरोगतज्ज्ञाकडे नेते. चक्कर आली, की रक्तवाढीच्या गोळ्या. पोट दुखलं, सोनोग्राफी. जेवणावर कुणी येतच नाही. आणि आलं, तरी "जेवल्यावर मुद्दाम उलटी करतेस का?" याचं उत्तर ती आई किंवा सासू शेजारी बसलेली असताना कसं देणार?

उलट्या करणाऱ्या कित्येकींचं वजन नेहमीसारखंच असतं. घरचे म्हणतात, तब्येत तर छान आहे! आत मात्र पोटॅशियम उतरतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. जिला बकाबका खाण्याचे झटके येतात, तिला तर डॉक्टरही डाएट लिहून देतात. वास्तविक हा स्वतंत्र आजार म्हणून अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या यादीत 2013 मध्येच आला.

(दृश्य: सोलापूरचा पूर्व भाग, विडी कामगारांची वस्ती. मांडीवर सूप, विड्या वळणारे हात.)

निवेदन:
सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मानसोपचार विभाग आहे. पण उपचार एका चिठ्ठीत संपत नाहीत. मानसोपचारतज्ज्ञ, समुपदेशक, आहारतज्ज्ञ, तेही महिनोन् महिने. इथे मजुरी हजार विड्यांवर मिळते. ओपीडीच्या रांगेत सकाळ गेली, की तेवढ्या विड्या बुडाल्या. शिवाय स्थळं बघणं चालू असेल, तर त्या विभागाच्या दारात कुणी ओळखीचं भेटू नये, ही धास्ती वेगळीच.

मग घरचा इलाज सुरू होतो: समोर बसवून कोंबणं. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम भरपूर अन्न दिलं, तर रक्तातलं फॉस्फेट घसरून जीवावर बेतू शकतं. अशा वेळी खाणं डॉक्टरांच्या देखरेखीखालीच वाढवायचं असतं.

2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनाच्या आजारालाही शरीराच्या आजारासारखाच विमा द्यायला सांगितलंय. विमा असलेल्या घरांसाठी ठीक. बाकीच्यांना टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे: 14416, चोवीस तास, फुकट, मराठीतही. फक्त दोन खोल्यांत सहा माणसं आणि मोबाइल नवऱ्याच्या खिशात असेल, तर हा फोन लावायचा कुठून, ते तिलाच शोधावं लागतं.