लाल ढालीवरचा पांढरा घोडा : जर्मनीची पहिली पँझर डिव्हिजन

[दृश्य : बेर्गनचं सरावमैदान. चिखल उडवत चढावर येणारे रणगाडे.]

हा लेपर्ड २. वजन साठ टनांच्या घरात, इंजिन पंधराशे अश्वशक्तीचं, तोफ १२० मिलिमीटरची. आत चार माणसं : कमांडर, गनर, लोडर आणि ड्रायव्हर. रणगाडा अस्सल जर्मन बनावटीचा. पण बुरुजातून अर्धा बाहेर आलेल्या या कमांडरच्या बाहीकडे नीट पाहा. तिथे जो झेंडा शिवलाय तो नेदरलँड्सचा आहे.

उत्तर जर्मनीतल्या लोअर सॅक्सनी राज्यात, ल्युनेबुर्गच्या माळरानावर आपण आहोत. २८४ चौरस किलोमीटरचं हे मैदान जर्मनीतलं सर्वांत मोठं. इथे ४१४वी रणगाडा बटालियन सराव करते आहे. तिची रचना सावकाश समजून घ्यावी लागते. समोर दिसतेय ती चौथी कंपनी डच आहे. ती ज्या बटालियनमध्ये आहे, ती जर्मन. ही जर्मन बटालियन ज्या ४३व्या ब्रिगेडचा हुकूम मानते, ती पुन्हा डच. तिचं ठाणं नेदरलँड्समध्ये, हावेल्टे इथे. आणि ती डच ब्रिगेड ज्या डिव्हिजनमध्ये मोडते, ती जर्मनीची पहिली पँझर, म्हणजे रणगाड्यांची, डिव्हिजन. लाल ढालीवर उसळलेला पांढरा घोडा, हे तिचं चिन्ह.

[दृश्य : जुनी कृष्णधवल फीत. कवायत करणारे तरुण, अमेरिकी रणगाडे.]

जर्मन रणगाडे म्हटले की आपल्याकडे पहिलं नाव येतं हिटलरच्या सेनापती रोमेलचं. त्यामुळे इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. हिटलरच्या काळातही एक ‘पहिली पँझर डिव्हिजन’ होती. ती १९३५ मध्ये उभी राहिली आणि १९४५ मध्ये संपली. आजच्या डिव्हिजनचा तिच्याशी वारशाचा कसलाही संबंध नाही. नाव आणि क्रमांक तेवढे सारखे.

युद्धानंतर दहा वर्षं जर्मनीला सैन्यच नव्हतं. १९५५ च्या मे महिन्यात पश्चिम जर्मनी नाटोत आला. त्याच वर्षी १२ नोव्हेंबरला बॉनमध्ये पहिल्या १०१ सैनिकांच्या हाती नेमणुकीची पत्रं पडली. पुढच्या उन्हाळ्यात, १९५६ मध्ये, हॅनोव्हरला ही डिव्हिजन उभी राहू लागली. तेव्हा ती ग्रेनेडियर, म्हणजे पायदळाची, डिव्हिजन होती. रणगाडे अमेरिकेने दिलेले होते, एम ४७. पुढे ती पँझरग्रेनेडियर, म्हणजे चिलखती गाड्यांतल्या पायदळाची, झाली, आणि पँझर डिव्हिजन हे नाव तिला १९८१ मध्ये मिळालं.

पण रणगाड्यांपेक्षा महत्त्वाचं काम त्या वर्षांत कागदावर चाललं होतं. नव्या सैन्याचा सैनिक हा गणवेशातला नागरिक असेल, हे तत्त्व तेव्हा ठरलं. त्याला मताचा हक्क आहे. माणसाच्या प्रतिष्ठेला बाधा आणणारा हुकूम त्याने पाळला नाही तर तो आज्ञाभंग ठरत नाही, हे कायद्यातच लिहिलंय. सैनिकांची गाऱ्हाणी ऐकायला संसदेने नेमलेला स्वतंत्र आयुक्त असतो. आणि १९९४ मध्ये कार्ल्सरुहच्या घटना न्यायालयाने निकाल दिला की सशस्त्र सैन्य परदेशी मोहिमेवर पाठवायचं तर संसदेची संमती हवी. ज्या देशात एकेकाळी सैनिकांना एका माणसाच्या नावाने शपथ घ्यावी लागली, त्या देशाने हे मुद्दाम आणि विचारपूर्वक घडवलं.

[दृश्य : नकाशा. हॅनोव्हर, हिल्डेसहाइम, ब्राउनश्वाइग, नीनबुर्ग.]

शीतयुद्धाच्या काळात या डिव्हिजनच्या तीन ब्रिगेड होत्या : हिल्डेसहाइमला पहिली, ब्राउनश्वाइगला दुसरी, नीनबुर्गला तिसरी. ब्राउनश्वाइगहून पूर्व जर्मनीची हद्द अगदी जवळ होती. या सपाट प्रदेशात रणगाड्यांना अडवणारं फारसं काही नाही, म्हणून नाटोने इथे एकाशेजारी एक फौजा मांडल्या : डच, जर्मन, ब्रिटिश आणि बेल्जियन. डच आणि जर्मन सैनिकांचा शेजार तेव्हापासूनचा. १९९५ मध्ये म्युन्स्टर शहरात दोघांच्या संयुक्त कोअरचं, म्हणजे डिव्हिजनच्या वरच्या दलाचं, मुख्यालय झालं.

मग शीतयुद्ध संपलं आणि कपात आली. पश्चिम जर्मनीने एकूण २१२५ लेपर्ड २ घेतले होते. २०११ च्या फेररचनेत ठेवायचा आकडा ठरला २२५. सक्तीची सैन्यभरती त्याच वर्षी थांबली. नेदरलँड्सने तर आपले सगळेच रणगाडे मोडीत काढायचं ठरवलं आणि त्यातले शंभर फिनलंडला विकले.

[दृश्य : २०१६. संचलन. दोन झेंडे.]

रणगाडा चालवायची विद्या मात्र विकता येत नाही, आणि एकदा गेली की लवकर परत येत नाही. ती टिकवायची म्हणून २०१६ मध्ये हा मार्ग निघाला. डच ४३वी ब्रिगेड या डिव्हिजनच्या अधिकाराखाली आली. तिच्या जोडीला मुन्स्टरची (हे गाव म्युन्स्टर शहराहून वेगळं) नववी, आउगुस्टडॉर्फची एकविसावी आणि नॉयब्रँडेनबुर्गची एकेचाळिसावी अशा जर्मन ब्रिगेड होत्या. जर्मनांच्या १८ रणगाड्यांवर डच सैनिक बसले. डिव्हिजनचं मुख्यालयही हॅनोव्हर सोडून पश्चिमेला ओल्डेनबुर्गला गेलं. तिथल्या छावणीला नाव आहे हेनिंग फॉन ट्रेस्को यांचं. हिटलरला मारण्याच्या कटातले ते एक प्रमुख अधिकारी.

[दृश्य : बेर्गन-बेल्झन. समाधीच्या मातीचे लांब उंचवटे, गवत.]

४१४व्या बटालियनची बराक लोहाइडेत आहे. तिथून जवळच ही जागा : बेर्गन-बेल्झनची छळछावणी. इथे बावन्न हजारांहून अधिक कैदी आणि वीस हजारांच्या आसपास युद्धकैदी मेले. ॲमस्टरडॅममध्ये लपलेली ॲन फ्रँक १९४५ च्या सुरुवातीला इथेच मरण पावली. १५ एप्रिल १९४५ ला ब्रिटिश सैन्य पोहोचलं आणि छावणी मुक्त झाली. आज त्याच परिसरात डच तरुण जर्मन सहकाऱ्यांबरोबर एका छपराखाली राहतात. ही गोष्ट आपोआप घडलेली नाही. ती दोन्ही देशांच्या सरकारांनी आणि संसदांनी पिढ्यानपिढ्या खपून घडवली आहे, आणि युरोपात याहून मोठं काम थोडंच झालं असेल.

[दृश्य : नदीकाठ. चाकांची अवजड वाहनं पाण्यात उतरतात.]

डिव्हिजन म्हणजे नुसते रणगाडे नव्हेत. एका रणगाडा बटालियनमध्ये साधारण ४४ रणगाडे. त्यांच्याबरोबर पायदळ लागतं, ते पूमासारख्या चिलखती गाडीत बसून येतं : तीन जण गाडी चालवणारे, सहा उतरून लढणारे. मागून १५५ मिलिमीटरच्या, स्वतःच्या इंजिनावर चालणाऱ्या तोफा. आणि नदी आडवी आली तर? हे एम ३ पाहा. रस्त्याने चाकांवर येतात, पाण्यात शिरतात, बाजूचे तराफे पसरतात आणि एकमेकांना जोडले की आठांचा मिळून शंभर मीटरचा पूल होतो. त्यावरून लेपर्ड जातो. हे काम मिंडेनची १३०वी पूल बटालियन करते, आणि तिच्यात जर्मनांसोबत ब्रिटिश इंजिनिअर आहेत. म्हणजे या घोड्याच्या ढालीखाली तिसरा झेंडाही आहे. रणगाड्याच्या टाकीत बाराशे लिटरच्या आसपास डिझेल मावतं; ते पुरवणारे टँकर, बिघडलेलं इंजिन उचलून नवं बसवणारे कारागीर, संदेशवहनाची माणसं हे सगळे याच मांडणीत येतात.

[दृश्य : आउगुस्टडॉर्फ. फाटकातून बाहेर पडणारे ट्रक.]

कपातीची किंमत मोजावी लागली. २०१८ मध्ये बातमी फुटली की नाटोच्या तातडीच्या दलासाठी मुन्स्टरच्या ब्रिगेडने द्यायच्या ४४ लेपर्डपैकी जेमतेम नऊ चालू स्थितीत होते. २०२३ मध्ये जर्मनीने युक्रेनला १८ लेपर्ड २ए६ दिले, ते आउगुस्टडॉर्फच्या २०३व्या बटालियनच्या ताफ्यातून गेले. आता ही बटालियन लिथुआनियात कायमच्या मुक्कामी नेमलेल्या ४५व्या ब्रिगेडकडे गेली आहे. डच कंपनी बेर्गनमध्ये अजून सराव करते आहे, आणि नेदरलँड्सने ४६ नवे लेपर्ड २ए८ घेऊन आपली स्वतःची रणगाडा बटालियन पुन्हा उभी करायचं ठरवलं आहे.