सबांगाऊ: आधी पाणी

(पहाट. नदी. होडीचं पुढचं टोक.)

हे पाणी गढूळ नाही. कोऱ्या चहासारखा त्याचा रंग आहे, आणि तो उतरलाय काठावरच्या जंगलात हजारो वर्षं साचलेल्या पाल्यापाचोळ्यातून. बोर्निओ बेट, इंडोनेशियाचा मध्य कालिमंतान प्रांत. नदी सबांगाऊ, आणि जंगलाचं नावही सबांगाऊ.

(मांडीपर्यंत रुतलेला पाय.)

पायाखाली माती नाहीच. हे पीट आहे. पाण्यात बुडालेलं पान, फांदी, मूळ पुरतं कुजत नाही आणि थरावर थर चढत जातो, वर्षाला जेमतेम एखाद-दोन मिलिमीटर. काही ठिकाणी हा थर दहा मीटरहून खोल आहे. त्यावर जंगल उभं आहे, आणि जंगलाच्या शेंड्याला...

(आई आणि पिल्लू. काही क्षण निवेदन नाही.)

ओरांगउटान. मलय भाषेत ओरांग म्हणजे माणूस, हुतान म्हणजे जंगल. मादी सात-आठ वर्षांतून एकदाच विते. संध्याकाळ झाली की फांद्या वाकवून झोपायला घरटं करते, बहुतेक रोज नवं. अभ्यासक या वानरांची संख्या काढतात ती घरटी मोजून. बोर्निओचा ओरांगउटान २०१६ पासून अतिसंकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत आहे.

(ड्रोन. सरळ कालवा.)

आता वरून बघा. इतकी सरळ रेघ नदी कधी काढत नाही. १९९६ च्या सुमारास सरकारने सबांगाऊच्या पूर्वेला सुमारे दहा लाख हेक्टरांवर भातशेतीची योजना हाती घेतली आणि चार हजार किलोमीटरहून जास्त कालवे खोदले. भात पिकलाच नाही. काही वर्षांत योजना बंद झाली, कालवे तेवढे राहिले. नदीच्या या बाजूला, जंगलाच्या आत, चोरून लाकूड तोडणाऱ्यांनी ओंडके वाहून न्यायला आपले चर खणले. पाणी उतरलं. सुकलेलं पीट पेटलं की आग जमिनीच्या आतून सरकते. १९९७ आणि २०१५ च्या वणव्यांत जंगल जळालं, धुराने लाखो माणसं आजारी पडली.

(कालव्यात छातीभर पाण्यात उभी माणसं.)

रोप लावणारे हात सगळ्यांना दिसतात. आम्हाला दाखवायचे आहेत ते हे हात.

कालव्याला आडव्या, खांबांच्या दोन रांगा. लाकूड गेलमचं, पाण्यात टिकणारं. यंत्र इथवर आणलं तर तेच रुतेल, म्हणून खांब माणसंच ठोकतात. दोन रांगांच्या मधे भरलेल्या गोण्या, एकीवर एक, पायाने दाबून. इथले लोक या बंधाऱ्याला ‘तबात’ म्हणतात.

एकच भक्कम बंधारा घालून भागत नाही. पीट सच्छिद्र असतं. एका बाजूला पाणी फार चढलं की ते कडेची जमीन पोखरून वाट काढतं. म्हणून उतारावर एकामागून एक छोटे बंधारे, प्रत्येकाने पाणी थोडंसंच तोलायचं. पाणी पूर्ण थांबवायचं नसतंच. त्याची घाई मोडायची असते, म्हणजे ते बाजूच्या पीटमध्ये मुरतं.

(जमिनीत रोवलेली भोकांची नळी.)

मुरलं की नाही, ते ही नळी सांगते. लागवडीखालच्या पीटमध्येसुद्धा पाणी जमिनीच्या पातळीपासून ४० सेंटिमीटरहून खाली जाऊ नये, असा इंडोनेशियाचा नियम आहे. जंगलाला ते याहून वर हवं.

(रोपवाटिका.)

मग रोपं. बलांगेरान आणि जेलुतुंग. जेलुतुंगच्या चिकातून एकेकाळी च्युइंगम बनायचं. जळालेल्या रानात नेच्यांची इतकी दाटी असते की आधी त्यातून जागा करावी लागते. मग पीटचा उंचवटा करून त्यावर रोप लावायचं, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात बुडतं. उभ्या जंगलात हे काम ओरांगउटान करतो. फळ इथे खातो, बी पुढे कुठेतरी टाकतो. जळालेल्या मोकळ्या रानात मात्र तो सहसा उतरत नाही.

सबांगाऊ २००४ पासून राष्ट्रीय उद्यान आहे, पाच लाख हेक्टरांहून मोठं. मासेमारीच्या होड्या याच चरांतून जातात, त्यामुळे बंधारा कुठे घालायचा हे गावाशी बोलूनच ठरतं.

(संध्याकाळ. बंधाऱ्याची डावी कड.)

इथे, खांबाच्या मागून, बारीक धार सुटलीय. उद्या आणखी गोण्या लागतील.