तुमच्या उत्तराची दखल घेणारे खेळ

(दादर इथे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. मुंबईत गेम खेळणाऱ्यांशी गप्पा सुरू झाल्या की ग्राफिक्स कार्ड कुठलं, लॅमिंग्टन रोडला केवढ्याला मिळालं आणि किती तासांत गेम संपवला, इथेच गाडी अडते. आरपीजीबद्दल, म्हणजे ज्यात आपण एखादं पात्र होऊन गोष्टीतले निर्णय घेतो त्या रोल-प्लेइंग गेमबद्दल, मला वेगळंच विचारायचं आहे. मी जे ठरवलं त्याची खेळाने दखल घेतली का? आरपीजीचा आणि तो बनवणाऱ्याचा कस माझ्या मते इथेच लागतो.

या प्रकाराचं मूळ टेबलावर आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ साली आला. तिथे खेळ चालवणारा माणूस समोर बसलेला असतो. तुम्ही काहीही भलतंसलतं ठरवा, तो ऐकून घेतो आणि गोष्ट तिकडे वळवतो. कॉम्प्युटरला हे जमत नाही. म्हणून तुम्ही काय काय कराल याचा विचार लेखकाला आधीच करून ठेवावा लागतो. आरपीजी लिहिणं अवघड आहे ते यामुळे.

रिचर्ड गॅरिअट यांनी १९८५ साली 'अल्टिमा फोर'मध्ये शेवटचा खलनायकच काढून टाकला. प्रामाणिकपणा, करुणा, नम्रता असे आठ सद्गुण अंगी बाणवायचे, हाच खेळ. त्यात मंत्रांसाठी लागणारी सामग्री विकणारे दुकानदार आंधळे आहेत. ते किंमत सांगतात, पैसे तुम्ही मोजून द्यायचे. कमी दिलेत तरी माल मिळतो. दुकानदार ओरडत नाही, शिपाई धावत येत नाही. पण आत हिशेब चालू असतो आणि तुमचा प्रामाणिकपणा तेवढा घटलेला असतो. आपल्याला कुणी पकडलं नाही याची लाज वाटायला लावणारी ही रचना आहे, आणि तीही त्या काळच्या तुटपुंज्या मेमरीत बसवलेली. मला ती आजही थोर वाटते.

१९९७ चा 'फॉलआउट' याच रांगेतला. टिम केन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो इंटरप्ले कंपनीत बनवला. पात्र घडवताना बुद्धिमत्ता अगदी कमी ठेवलीत, तर तुमचं पात्र पुढे धड वाक्यसुद्धा बोलू शकत नाही. लोक त्याच्याशी तसेच वागतात, कामंही देत नाहीत. आणि शेवटी, माणसांपासून नवी जमात घडवायला निघालेला 'मास्टर' समोर येतो, तेव्हा त्याला गोळ्या घालाव्याच लागतात असं नाही. या जमातीला मुलं होणार नाहीत याचा पुरावा तुम्ही गोळा केलेला असेल, तर तो त्याच्यापुढे ठेवता येतो. त्याला ते पटतं, आणि तो स्वतःच सगळं संपवतो. वादात हरणारा खलनायक! असा शेवट लिहायला लेखकाचा खेळणाऱ्यावर विश्वास असावा लागतो.

आता 'स्कायरिम'. २०११ चा, बेथेस्डा कंपनीचा, टॉड हॉवर्ड यांच्या दिग्दर्शनाखालचा. त्याचे डोंगर, त्याचा बर्फ, वाट सोडून भटकण्यातली मजा, सगळं मान्य. पण जेमतेम चार मंत्र येणारा माणूस तिथे जादूच्या विद्यापीठाचा प्रमुख होतो, तोच चोरांचा म्होरक्या होतो, तोच मारेकऱ्यांचा नायक, आणि यातल्या कुणालाच दुसऱ्याबद्दल काही विचारावंसं वाटत नाही. एकही दार बंद होत नाही, म्हणून कुठल्याही दाराला किंमत उरत नाही. इतक्या पैशांत आणि इतक्या माणसांत एवढं जमायला हवं होतं, असं मला ठामपणे वाटतं.

उलट 'डिस्को एलिझियम' बघा, २०१९ चा. एस्टोनियाचे कादंबरीकार रॉबर्ट कुर्विट्झ यांनी तो उभा केला. नेहमीची लढाई त्यात नाहीच. नायकाची चोवीस कौशल्यं त्याच्याच डोक्यात बसून एकमेकांशी भांडतात. सुरुवातीलाच छताच्या पंख्याला त्याचा टाय अडकलेला आहे. प्रकृती अगदीच कमी ठेवली असेल, तर तो टाय काढताना नायक मरूसुद्धा शकतो. यश-अपयश ठरवणारा फासा उलटा पडला तरी पुढचा मजकूर तितक्याच प्रेमाने लिहिलेला आहे. पुढे कुर्विट्झ आणि त्यांचे काही साथीदार हा गेम बनवणाऱ्या कंपनीबाहेर पडल्याचं २०२२ मध्ये जगजाहीर झालं. कंपनीचं नाव मात्र तेच राहिलं. म्हणून मी बॅनर बघून गेम घेत नाही, श्रेयनामावलीत लिहिणारा कोण आहे ते बघतो. आणि लोकांना वाचायला नको असतं, हे मोठ्या कंपन्यांचं पालुपद आता पुरे. २०२३ च्या 'बाल्डर्स गेट थ्री'त पानोपानी संवाद आहेत, फासे आहेत, पाळीपाळीने लढाई आहे, आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाचा मान त्यालाच मिळाला.

मराठीत हे होईल का? पोलंडची सीडी प्रोजेक्ट ही १९९४ साली गेम विकणारी कंपनी म्हणून सुरू झाली. पहिला 'बाल्डर्स गेट' त्यांनी नामवंत नटांचे आवाज घेऊन पोलिश भाषेत आणला. त्यानंतर २००७ साली त्यांचा स्वतःचा 'द विचर' आला. आधी आपल्या भाषेत नीट बोलवलं, मग स्वतः लिहिलं.

आपल्याला एवढ्या भांडवलाचीही गरज नाही. इथून जवळच छबिलदास शाळेत प्रायोगिक नाटकवाल्यांनी किती थोडक्यात काय काय केलं, हे या सभागृहाला मी सांगायला नको. युनिटीसारख्या गेम बनवण्याच्या इंजिनात देवनागरीची जोडाक्षरं तुटत आली आहेत आणि पहिली वेलांटी भलत्याच जागी जाते, त्यावर बरेच जण अडतात. पण ट्वाइन हे वाटा फुटणाऱ्या गोष्टी लिहायचं साधन मोफत आहे आणि ब्राउझरमध्ये चालतं, त्यामुळे मराठी स्वच्छ उमटतं. विषय म्हणून मी पुनर्विकासाला निघालेली चाळ घेईन. तुमच्याकडे संमतीचे कागद आहेत आणि पहिल्या मजल्यावरच्या आजी सही करत नाहीत. त्यांना समजवा, घाबरवा, फसवा, नाहीतर कागद फाडून त्यांच्या बाजूने उभे राहा. प्रत्येक वाटेवर शेजारी तुमच्याशी वेगळे वागले पाहिजेत, बिल्डरही. हे लिहायला कुणी तयार असेल तर आज नंतर थांबा. मी पूर्ण खेळून बघेन, आणि जिथे माझ्या उत्तराची दखल घेतली नसेल तिथे खूण करून परत देईन.