दहापैकी किती?

पत्रिकेत विषय भारदस्त छापलाय, पण मला बोलायचंय ते रग्बीच्या सामन्यानंतर दुसऱ्या दिवशी पेपरात प्रत्येक खेळाडूला मिळणाऱ्या 'दहापैकी किती' या गुणांबद्दल. रग्बी आपली नाही, असं पुढच्या रांगेतले काका मघाशी म्हणाले. काका, इंग्लंड-स्कॉटलंड ज्या कलकत्ता कपासाठी भांडतात, तो कलकत्त्याच्या क्लबाने गाशा गुंडाळताना बँकेतले चांदीचे रुपये वितळवून केलाय. कान नागाचे, झाकणावर हत्ती. आपलेच पैसे! (हशा)

तर, २७ जून २००९, प्रिटोरिया, लॉफ्टस व्हर्सफेल्ड. ब्रिटिश-आयरिश लायन्सचा, म्हणजे इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, आयर्लंड यांच्या निवडक संघाचा, दक्षिण आफ्रिकेशी तीनपैकी दुसरा कसोटी सामना. डर्बनचा पहिला हरलेले, म्हणजे इथे हरले की मालिका गेली. पहिल्याच मिनिटाला आफ्रिकेच्या शाल्क बर्गरची बोटं लायन्सच्या ल्यूक फिट्झगेराल्डच्या डोळ्यांपाशी. पिवळं कार्ड. तिथे लाल हवं होतं, यावर मी तासभर बोलू शकतो, बोलत नाही.

शेवटची दोन मिनिटं बघा. २५-२५. लायन्सचा बदली आलेला रोनन ओ'गारा स्वतःच्या बावीस मीटरच्या रेषेआत, हातात चेंडू. सरळ बाहेर मारला तर सामना बरोबरीत सुटतो. याने उंच उडवला आणि स्वतःच मागे धावला. आफ्रिकेचा फूरी दू प्रे हवेत चेंडू झेलतोय, आणि हा जाऊन त्याला धडकला. हवेतल्या गड्याला धडकायचं नसतं. पेनल्टी, खांबांमधून गेली की तीन गुण! मारायला आफ्रिकेचा मोर्ने स्टेन, तोही बदलीच, पण लॉफ्टस त्याचं घरचं मैदान. स्वतःच्या अर्ध्यातून मारला. प्रिटोरियाची विरळ हवा, चेंडू गेला तो गेलाच. २८-२५. (याच पठ्ठ्याने २०२१ मध्ये, बारा वर्षांनी, पुन्हा लायन्सला मालिका हरवली. असो.)

ओ'गाराला लोकांनी किती गुण दिले असतील ते सांगायला नको. मला त्याची कणव येते, त्याचं कारण खासगी आहे. गल्लीच्या कबड्डीत मी उजवा कोपरा. अंतिम सामना, शेवटची चढाई, मी पट काढायला गेलो आणि हातातला पाय सुटला. चाळीस वर्षं झाली. परवा एका लग्नात अक्षता हातात असताना एकजण म्हणतो, "सुटला ना रे पाय!" त्याआधी त्याच सामन्यात मी तीन पकडी केल्या होत्या. त्या कुणाला आठवतात? मला.

आणि ओ'गाराचा विचार वेडगळ नव्हता. बरोबरी झाली असती तर पुढचा सामना जिंकूनही मालिका फार तर बरोबरीत. जिंकायचं तर धोका पत्करायलाच हवा होता. चुकली ती धडक. त्याआधी आफ्रिकेचा जॅक फूरी त्याच्या अंगावरून जाऊन ट्राय करून आला, म्हणजे गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून आला, तेही खरं.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. मुख्य मुद्दा राहिलाच की!

डर्बनला आफ्रिकेच्या 'बीस्ट' म्तावरिराने स्क्रममध्ये, म्हणजे दोन्हीकडचे गडी वाकून एकमेकांना रेटतात त्यात, लायन्सच्या फिल विकरीचा भुगा केला होता. प्रिटोरियाला विकरीच्या जागी आला अ‍ॅडम जोन्स, कुरळ्या जटांचा वेल्श गडी. स्क्रम सावरला, मध्यंतराला लायन्स १६-८ पुढे. उत्तरार्ध सुरू होतो न होतो तोच जोन्सचा खांदा निखळला, गेथिन जेन्किन्सचं गालाचं हाड मोडलं. दोघेही प्रॉप, म्हणजे स्क्रमच्या पुढच्या रांगेचे खांब, आणि बाकावर प्रॉप एकच. मग बिनजोराचे स्क्रम, नुसतं एकमेकांना टेकून उभं राहायचं. लायन्सचं हत्यारच गेलं. गुण देणाऱ्याने सामन्याचे दोन तुकडे करावेत, जोन्स असतानाचा आणि नसतानाचा. आणि सायमन शॉ? वय ३५, लायन्सबरोबर तिसरा दौरा आणि पहिला कसोटी सामना. तो तरी सामनावीर ठरला. ढिगाऱ्यात डोकं घालणाऱ्याकडे कधी नव्हे ते कुणीतरी बघितलं!

आता घंटीच वाजली. माझे गुण: शॉ नऊ, जोन्स आठ, अर्ध्याच सामन्याचे. ओ'गारा चार. काका, पाच? बरं, साडेचार. बाकीचं चहाबरोबर.