आठ जणांच्या बोटीतलं एकेक नाव

[दृश्य : सॅंडी रन रीजनल पार्क, उत्तर वर्जिनिया. मे महिन्यातला शनिवार. बोटी एकामागोमाग स्टार्टकडे निघाल्या आहेत.]

शर्यतीच्या दिवशी इथला लाउडस्पीकर सकाळी सुरू होतो तो दुपार टळेपर्यंत थांबत नाही. पण एवढ्या वेळात तो एकाही मुलाचं नाव घेत नाही. लेन दोनमध्ये ही शाळा, लेन तीनमध्ये ती शाळा. मुलींची दुसरी एट, म्हणजे आठ जणींची बोट, मुलांची तिसरी फोर, म्हणजे चौघांची. निकालही तसाच, शाळा आणि वेळ. बेसबॉलमध्ये प्रत्येक चेंडूचा हिशेब कुणाच्या ना कुणाच्या नावावर चढतो. बास्केटबॉलमध्ये शेवटची बास्केट कुणी टाकली हे शाळेत दुसऱ्या दिवशी सगळ्यांना ठाऊक असतं. रोइंगमध्ये चार वर्षं वल्हं मारलं तरी प्रेक्षकांना दिसते ती फक्त वल्ह्याच्या पात्यावर रंगवलेली शाळेची खूण.

आज मात्र नावं घेतली जाणार आहेत. मधल्या सुट्टीत, शर्यती थांबवून. आज सिनियर डे आहे, शाळेच्या शेवटच्या वर्षातल्या मुलांच्या सत्काराचा दिवस.

[दृश्य : जलाशय वरून. दोन्ही काठांना दाट झाडी.]

हे ऑकोक्वान जलाशयाचं पाणी. एका काठाला फेअरफॅक्स काउंटी, पलीकडे प्रिन्स विल्यम काउंटी. धरण बांधलं ते पिण्याच्या पाण्यासाठी, आणि आजही इथलं पाणी शुद्ध होऊन लाखो घरांच्या नळांना जातं. दरीत साठलेलं, लांबट, वळणावळणाचं पाणी. वारा अडवायला दोन्हीकडे झाडं. रोइंगला याहून बरी जागा शोधून सापडायची नाही. म्हणून आसपासच्या कितीतरी सरकारी शाळांच्या बोटी याच काठावर ठेवलेल्या असतात, आणि एरवी एकमेकींच्या वाऱ्याला न उभ्या राहणाऱ्या शाळा इथे एकाच धक्क्यावर रांग लावतात.

शर्यत 1500 मीटरची. अमेरिकन हायस्कूलचं हेच अंतर. ऑलिंपिकमध्ये ते 2000 मीटर असतं, पण 2028 ला लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकसाठी लॉंग बीचला जागाच तेवढी आहे म्हणून तिथेही 1500 मीटरच होणार आहे. इथल्या मुलांना ही गोष्ट फार आवडते. कुणी विषय काढला नसला तरी सांगतात.

[दृश्य : मुली बोट खांद्यावर घेऊन उतरणीवरून धक्क्याकडे येतात. कॉक्सचा आवाज.]

एट म्हणजे आठ वल्हेकरी आणि एक कॉक्स, सुकाणू धरणारी आणि हुकूम देणारी. बोट सुमारे अठरा मीटर लांब, वजन शंभर किलोच्या आसपास. एवढी लांब वस्तू खांद्यावर घेऊन उतरणीवरून चालायचं, वळवायची, आणि कशालाही न आपटता पाण्यात सोडायची. सगळं कॉक्सच्या हुकमावर. ही कॉक्स बहुधा संघातली सगळ्यात लहान चणीची मुलगी असते, आणि तिच्या दुप्पट आकाराची मुलं तिचं मुकाट ऐकतात. बोटीत पुढे तोंड करून बसलेली तीच एकटी. बाकीच्या आठांची पाठ फिनिशकडे. आपण कुठे चाललोय ते त्यांना दिसत नाही, कुठून आलो तेवढं दिसतं. पुढे किती उरलं, शेजारची बोट किती मागे पडली, हे कॉक्स माइकवरून सांगेल तेवढंच कळतं. आणि चांगली कॉक्स नेहमी खरंच सांगते असं नाही.

शर्यत पाच मिनिटांच्या आसपास संपते. मोटारगाडी लावून टेकडी उतरून येईपर्यंत पोराची शर्यत होऊन गेली, हा प्रकार नवीन पालकांच्या बाबतीत दर हंगामात घडतो.

[दृश्य : शाळेचा कॉरिडॉर, हिवाळा. ओळीने मांडलेली रोइंग मशिन.]

आज ज्यांचा सत्कार आहे त्यातल्या बहुतेकांनी नववीत येईपर्यंत वल्ह्याला हात लावलेला नव्हता. या खेळाचं हे वैशिष्ट्य मला फार महत्त्वाचं वाटतं. फुटबॉलच्या संघात यायचं तर पाचव्या वर्षापासून मैदानावर असावं लागतं. टेनिसला, पोहण्याला तेच. रोइंगमध्ये नववीतली सगळी मुलं सारखीच अडाणी असतात. कुणी उंच आहे म्हणून एखाद्या सिनियरने कॅंटीनमध्ये गाठलेलं असतं, कुणी दुसऱ्या संघातून वगळल्यामुळे आलेलं असतं, कुणी मैत्रिणीबरोबर नुसतं बघायला आलेलं असतं.

आणि मग हिवाळा येतो. तळ्यावर जाता येत नाही, म्हणून मशिनवर. याला सगळे अर्ग म्हणतात. समोर छोटा पडदा, त्यावर दर 500 मीटरला किती वेळ लागतोय तो आकडा. दोन हजार मीटरची चाचणी हा इथला सगळ्यात नावडता शब्दप्रयोग आहे. मुलांना सात मिनिटांच्या आत, मुलींना आठच्या आत यायचं असतं. पहिल्या वर्षी बहुतेकांना जमत नाही. तिसऱ्या मिनिटाला पाय जड होतात, पाचव्याला घसा कोरडा पडतो, आणि पडद्यावरच्या आकड्याला गयावया करून काही उपयोग नसतो. चाचणी झाल्यावर मुलं मशिनच्या शेजारी फरशीवर आडवी पडलेली असतात, आणि दिवसाची शेवटची बस पकडायला निघालेले बाकीचे विद्यार्थी त्यांना ओलांडून जातात.

फेब्रुवारीच्या शेवटी पाण्यावर. बोटं बधिर होतात, तळहाताला फोड येतात, फुटतात, परत येतात. मार्चमध्ये पाऊस. एप्रिलमध्ये झाडांचे पिवळे परागकण पाण्यावर सायीसारखे पसरलेले, आणि अर्धा संघ शिंकतोय.

[दृश्य : दोन बोटी शेजारी शेजारी थांबलेल्या. एक मुलगा एका बोटीतून दुसरीत जातो.]

कॅमेऱ्याने टिपलेलं हे दृश्य नीट पाहा, कारण या खेळातली सगळ्यात अवघड गोष्ट इथे घडते. तिला सीट रेस म्हणतात. दोन बोटी शेजारी शेजारी ठराविक अंतर पळवायच्या, फरक मोजायचा. मग थांबून दोन्ही बोटींतल्या एकेका मुलाची अदलाबदल करायची आणि तेवढंच अंतर पुन्हा. फरक ज्या बाजूला सरकला, त्या बाजूच्या मुलाला पहिल्या, म्हणजे शाळेच्या सगळ्यात वेगवान बोटीत जागा. मुलांना आधी सांगत नाहीत कुणाची बदली होणार ते. म्हणजे स्वतःच्या जागेसाठी लढायचं ते बाकीच्या सगळ्यांच्या जोरावर, आणि ज्याच्याशी लढायचं तो बहुतेक वेळा आपला जवळचा मित्र असतो. संध्याकाळी दोघं एकाच गाडीतून घरी जातात. तेव्हा गाडीत कोणी फारसं बोलत नाही, असं पालक सांगतात.

आजच्या सिनियरांमध्ये एक मुलगा असा आहे जो चार वर्षांत एकदाही पहिल्या बोटीत बसला नाही. तीनदा सीट रेस हरला. तरी एकही हिवाळा त्याने चुकवला नाही. तिसऱ्या बोटीचा तो स्ट्रोक आहे, म्हणजे मागच्या टोकाला बसून बाकी सगळ्यांना ताल देणारा. नववी-दहावीतली नवी पोरं त्या बोटीत येतात आणि त्याच्या तालावर शिकतात. पहिल्या बोटीतल्या आठांपैकी तिघं गेल्या वर्षी त्याच्याच मागे बसत होते.

[दृश्य : पालकांचा मोठा तंबू. तवे, कॉफीचे थर्मास, बॅगलचे डबे.]

आता पैशाचं बोलायला हवं. ते टाळून अमेरिकेतल्या रोइंगची गोष्ट पुरी होत नाही. या देशात हा खेळ प्रदीर्घ काळ श्रीमंत खासगी शाळांचा आणि जुन्या विद्यापीठांचा राहिला. नवी कोरी रेसिंग एट घ्यायची तर हजारो डॉलर मोजावे लागतात, शिवाय वल्ही, ट्रेलर, प्रशिक्षकाची मोटरबोट. वर्जिनियाच्या हायस्कूल लीगच्या खेळांच्या यादीत रोइंग नाही. राज्य स्पर्धा भरवते ती वर्जिनिया स्कॉलॅस्टिक रोइंग असोसिएशन. शेजारच्या अलेक्झांड्रिया शहरात शाळेचं स्वतःचं बोटहाउस पोटोमॅकच्या काठावर आहे. फेअरफॅक्सच्या शाळांमध्ये बराचसा भार पालकांच्या मंडळांवर पडतो. वर्गणी, निधीसंकलन, जुन्या बोटींची खरेदी-विक्री, ज्यांना फी झेपत नाही त्यांच्यासाठी वेगळी तजवीज. हा तंबू त्याचाच भाग. पहाटे पाचला येऊन तंबू ठोकणारे बाबा, दोनशे मुलांना पुरेल एवढा पास्ता करणाऱ्या आया, ट्रेलर चालवायचा परवाना खास याच कामासाठी काढलेला एखादा लेखापाल. यातल्या अनेकांना स्वतःला वल्हवता येत नाही. चार वर्षांनी मूल शाळेतून बाहेर पडलं की हेही सुटतात, आणि काही जण पुढच्या वर्षी उगाचच तंबू ठोकायला परत येतात.

आपल्याकडे, भारतात, या खेळात यायचा मुख्य रस्ता लष्करातून जातो. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ दुष्काळी गावातला. वल्हं पहिल्यांदा हातात आलं ते सैन्यात गेल्यावर, आणि 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तो एकट्याच्या बोटीत तेरावा आला. इथे तो रस्ता शाळेच्या कॅंटीनमधून जातो. दोन्हीकडे पाण्याशी आधी काही संबंध नसलेली मुलंच येतात.

[दृश्य : मधली सुट्टी. गवतावर पालक आणि सिनियर रांगेत. फुलांचे गुच्छ.]

आणि आता ती वेळ.

सोहळा अगदी साधा असतो. सिनियर आपल्या आईवडिलांच्या मधे चालत येतो. ओला युनिसूट, वर शाळेचं जॅकेट, पायात चपला. आईला फूल देतो. लाउडस्पीकरवर नाव. किती वर्षं वल्हवलं. कुठल्या जागेवर. पुढे कुठे जाणार. पहिली मे ही बहुतेक कॉलेजांना होकार कळवायची तारीख असते, त्यामुळे सगळ्यांचं ठरलेलं आहे. विद्यापीठ, कम्युनिटी कॉलेज, नौदल, इलेक्ट्रिशियनची उमेदवारी. प्रत्येकाला सारख्याच टाळ्या. कॉक्सच्या नावाला जरा जास्त, कारण सगळ्यांना तिचा आवाज चार वर्षं ऐकावा लागलाय.

या रांगेत एका मुलीबरोबर आईवडिलांच्या जोडीला आजोबाही चालतायत. ग्रॅज्युएशनसाठी पुण्याहून आले आहेत, सहा महिन्यांच्या मुक्कामाला. इंजिनिअरिंग कॉलेजचा बोट क्लब आणि मुळा नदीवरचा रिगाटा, म्हणजे बोटींचा मेळा, त्यांनी तरुणपणी पाहिलेला, त्यामुळे आल्या दिवसापासून सगळ्यांना सूचना देतायत. नातीचं नाव पुकारलं गेलं, उच्चार निम्मा चुकला, टाळ्या झाल्या. आजोबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, ‘नंबर कितवा आला?’ तिची शर्यत अजून व्हायची होती.

नावांचं एवढं अप्रूप का, हे 2020 च्या सिनियरांना विचारावं. त्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि वसंतातला हंगाम झालाच नाही. हिवाळाभर अर्गवर घाम गाळलेली मुलं एकही शर्यत न वल्हवता शाळेतून बाहेर पडली. पालकांनी घरासमोरच्या हिरवळीवर त्यांच्या नावाच्या पाट्या लावल्या. तेवढाच सत्कार.

[दृश्य : सिनियरांची बोट. वेगवेगळ्या संघांतले आठ जण एकत्र. हसण्याचा आवाज.]

समारंभानंतर काही शाळांमध्ये फक्त सिनियरांची एक बोट काढतात. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या बोटीतले सगळे मिसळून. चार वर्षांच्या सरावाचा इथे काही उपयोग होत नाही, कारण आठ जण एकत्र कधी बसलेलेच नसतात, आणि आज कुणाला काळजीही नसते. वल्ही वेगवेगळ्या वेळी पाण्यात जातात. कुणाचं तरी पातं पाण्यात अडकतं. याला इथे क्रॅब धरणं म्हणतात. एरवी यावर प्रशिक्षकांचा चेहरा उतरतो. आज ते काठावर उभं राहून चित्रीकरण करतायत.

यातले बहुतेक जण यापुढे शर्यतीत वल्हवणार नाहीत. जे विद्यापीठाच्या संघात जातील त्यांत मुली अधिक असतील, आणि त्याला कारण आहे. शिक्षणात लिंगभेद करायला मनाई करणारा टायटल नाइन कायदा 1972 चा. मुलांच्या मोठमोठ्या अमेरिकन फुटबॉल संघांना तोल म्हणून विद्यापीठांना मुलींचा एखादा मोठा संघ हवा होता, आणि रोइंगमध्ये एका वेळी पुष्कळ जणी मावतात. 1997 पासून एनसीएए ही विद्यापीठांच्या खेळांची संघटना महिलांची राष्ट्रीय रोइंग स्पर्धा भरवते. पुरुषांचं रोइंग एनसीएएच्या छत्राखाली आजही नाही. आज इथे फुलं घेऊन उभ्या असलेल्या दोघी पुढे विद्यापीठाच्या संघात जातायत. पहिल्या बोटीतल्या सगळ्यात बलदंड मुलाने मात्र वल्हं ठेवून द्यायचं ठरवलंय. त्याला झोप हवी आहे, असं तो म्हणतो.

[दृश्य : ट्रेलरवर बोटी चढवताना. पट्टे, पाने, आरडाओरडा.]

पण हंगाम संपलेला नाही. पुढच्या आठवड्यात फिलाडेल्फिया. स्कूलकिल नदीवर 1927 पासून भरणारी स्टॉट्सबरी कप रिगाटा, दोन दिवस, देशभरातल्या शाळा. त्याआधी उरलेल्या एपी, म्हणजे शाळेतच घेतलेल्या कॉलेज-पातळीच्या विषयांच्या परीक्षा. सकाळी कॅल्क्युलसचा पेपर आणि दुपारी सराव, असा या मुलांचा मे महिना असतो.

बोटी ट्रेलरवर चढवायच्या म्हणजे आधी सगळे रिगर, म्हणजे वल्ही टेकवायच्या बाजूच्या चौकटी, काढायचे. प्रत्येक नट-बोल्ट आपापल्या डब्यात गेला पाहिजे, नाहीतर फिलाडेल्फियाच्या नदीकाठी पहाटे बोल्ट शोधत बसायची वेळ येते. हे काम सिनियरांचं नाही, नववीतल्या मुलांचं. सिनियर नुसते बाजूला उभे राहून बघू शकतात. पण हातातले गुच्छ गवतावर टाकून ते ट्रेलरखाली शिरलेत, आणि तिसऱ्या बोटीचा तो स्ट्रोक एका चौदा वर्षांच्या मुलाला दुसऱ्यांदा सांगतोय की पट्टा नुसता बोटीच्या वरून नाही, दांड्याखालूनही घ्यायचा असतो.